घीसा, रोडू, कजोड

कजोड बैरवा. दगड घासणारा कारागीर. राहणार जयपूर, आग्र्याच्या रस्त्याकडेची वस्ती. २००६ सालच्या शीतलाष्टमीला, पहाटे, अख्ख्या वस्तीत एकही चूल पेटलेली नसताना त्याचा श्वास संपला. पस्तिशीही गाठली नव्हती.

तो मेला असं मी लिहिणार नाही. त्याला मारलं. कुणी आणि कसं, ते सांगायला हे प्रवासवर्णन लिहितेय. हवामहाल आणि आमेरचा किल्ला वाचायला कुणी आलं असेल तर त्याने पान उलटावं. हवामहाल मी बसच्या खिडकीतून पाहिला. गुलाबी आहे. झालं.

खातीपुरा

मूर्तिजापूरला आमच्या विहारासमोर सांचीसारखं दगडी तोरण उभारायचं ठरलं. लाल दगडाचं काम जयपूरला सुबक होतं असं समितीला कुणीतरी सांगितलं आणि ऑर्डर गेली. काम अर्ध्यावर आलं की कुणीतरी जाऊन डोळ्यांनी बघून यायचं होतं. मी खडी-क्रशरवरच्या मजुरांच्या संघटनेत पत्रकं लिहिते, म्हणजे 'हिला दगडातलं कळते'. शिवाय माझी आत्या जयपूरला राहते, म्हणजे लॉजचा प्रश्न नाही. समितीचे वानखडे गुरुजी स्टेशनवर सोडायला आले आणि गाडी हलता हलता ओरडले, "हत्ती मोजून घेजो! दोन्हीकडे सारखे पायजेत!"

आत्याचे यजमान, म्हणजे आमचे मामाजी, रेल्वेत आहेत. बदली होऊन आले आणि इथलेच झाले. खातीपुऱ्यातल्या त्यांच्या घरात मी शिरले तेव्हा होळी होऊन चार-पाच दिवस झाले असतील. भिंतींवर रंगाचे हात तसेच होते. आत्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"काय वं, खात नाही का तुयी संघटना? काडीवानी झाली."

आत्याची वऱ्हाडी इतक्या वर्षांत तसूभर हलली नाही. तिची मुलगी प्रज्ञा मात्र मराठी अशी बोलते, की प्रत्येक शब्द उचलून आधी वजन करते. मी नेहमीच्या सवयीने सोबत पत्रकांचा गठ्ठा आणला होता. दगडाच्या धुळीने फुप्फुसं कशी खराब होतात, मालकाची जबाबदारी काय, असं सगळं. प्रज्ञाने एक उचललं, दोन ओळी वाचल्या आणि म्हणाली, "ताई, मतलब हे सगळं मराठीत आहे. इथे कोण वाचणार?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आत्या हसून हसून खुर्चीवर बसली. "आन् पुन्हा म्हणते मी लोकायले जागं करते!"

त्या रात्री दालबाटी होती. बाटीवर आत्या तूप ओतत राहिली आणि मी नको म्हणत राहिले. आमच्याकडे पोळीवर तूप म्हणजे बोट फिरवल्यासारखं; इथे बाटी तुपात बुडवून मग ताटात येते. सगळ्यांच्या घरी नाही, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

शेड

दुसऱ्या दिवशी चुकीच्या बसमध्ये बसून मी आधी आदर्श नगर पाहून आले. रुंद रस्ते, झाडं, सकाळी फिरायला निघालेली पांढऱ्या केसांची पुष्कळ माणसं. तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. नंतर, शेडमधून परत येताना लक्षात आलं, की दिवसभरात मी त्यानंतर एकही पांढरं डोकं पाहिलं नव्हतं. पांढरी झालेली डोकी खूप पाहिली. ती धुळीने झाली होती.

शेड म्हणजे पत्र्याचं लांबच लांब छप्पर. खाली पंचवीसएक माणसं बसलेली, प्रत्येकाच्या हातात गरगरणारा कटर, तोंडावर गमछा. ढग असा, की समोरच्या माणसाचा खोकला आधी ऐकू येतो, माणूस नंतर दिसतो. मुनीमजी मला आमच्या तोरणाकडे घेऊन गेले. एका खांबावर कमळं पूर्ण झाली होती. दुसऱ्या खांबावर एक माणूस गेरूने नक्षी आखत बसला होता. खांदे वर उचललेले, प्रत्येक श्वास जिना चढल्यासारखा. हाडं मोजता आली असती.

"कजोड, ये महाराष्ट्र वाली बहनजी हैं. इन्हीं का गेट है."

त्याने गेरूचा हात कपाळाला लावला. "जय भीम, बहनजी."

मी चमकले. घरापासून इतक्या लांब, त्या धुळीत, ही हाक! मग कळलं की वस्तीतले बहुतेक लोक बैरवा, म्हणजे तिकडचे दलित आहेत, आणि ही हाक त्यांचीही आहे.

"हत्ती कितने हैं?" मी विचारलं, कारण गुरुजींना शब्द दिला होता.

"जितने आपने मंगवाए." मग तो थोडा थांबला, श्वास गोळा केला. "एक और चाहिए तो मुनीमजी को बिठा दो ऊपर."

आजूबाजूचे हसले. मुनीमजी जाड होते. तेही हसले. कजोडला हसता हसता खोकला लागला तो थांबेचना. कुणी पाणी दिलं नाही, कुणी जवळही गेलं नाही. सगळे नुसते वाट पाहत राहिले, जशी रेल्वे फाटकात गाडी जायची वाट पाहतात. ती सवय पाहून माझं डोकं फिरलं.

मी मुनीमजींना विचारलं, कटरवर पाणी का सोडत नाही? धूळ तिथल्या तिथे बसेल. क्रशरवर आम्ही हेच मागतो.

"पानी से नक्शा धुल जाता है, बहनजी. फिर लाइन कौन देखेगा? टाइम दुगना लगेगा. आपकी समिति रुकेगी?"

आमची समिती. ज्यांच्यासाठी पत्रकं लिहिते त्यांच्यासारख्याच माणसाच्या छातीत आमचं कमळ कोरलं जात होतं.

जेवणाच्या सुट्टीत मी त्याच्या शेजारी बसले. त्याच्या डब्यात बाजरीची रोटी आणि लसणाची चटणी होती. अर्धी रोटी त्याने माझ्या हातावर ठेवली, नको म्हणू दिलं नाही. तूप कुठे नव्हतं.

"कजोड याचा अर्थ काय?" मी विचारलं.

"कूडा. कचरा."

त्याने सरळ सांगितलं. त्याच्या आधीची भावंडं जन्मली तशी गेली. मग हा झाला. आईने ह्याला न्हाऊ घातलं आणि उकिरड्यावर नेऊन ठेवलं. देवाला सांगितलं, हा कचरा आहे, याला नेऊन काय करणार? मग उचलून घरी आणलं. बापाचं नाव रोडू. रोडी म्हणजे उकिरडा. आजोबाचं नाव घीसा, म्हणजे घासत, फरपटत नेलेला. त्याच कारणाने.

मी म्हटलं, "माझ्या आजोबांचं नाव उकंडा."

"मतलब?"

"उकिरड्यावर ठेवलेला. तेच."

तो खूश झाला, अगदी मनापासून. "तो बहनजी, अपन एक ही ढेर के हुए!"

हे हसू मला रुचलं आणि पचलं नाही. आमच्याकडे केरबा, कचरू, उकंडा. त्यांच्याकडे कजोड, रोडू, घीसा. देशाच्या दोन टोकांना आयांना एकच युक्ती सुचली, कारण दोन्हीकडे पोरं एकाच कारणाने मरत होती. आणि एवढं करून कुठल्या घरात ही नावं सापडतात ते बघा. कारखानदाराच्या घरी कुणी मुलाला कचरा म्हटल्याचं ऐकलंय? त्यांना देवाला फसवायची गरज पडत नाही. त्यांची मुलं जगतात.

कजोडला तेव्हा महिन्याभराचा मुलगा होता. पहिलाच जगलेला. आई म्हणत होती, नाव असंच काहीतरी ठेव. कजोड ऐकत नव्हता.

"आपके उधर का कोई नाम बताओ, बहनजी. जिसमें कूडा ना हो."

तोरणाकडे बघत मी म्हटलं, "सिद्धार्थ."

त्याने ते हळूहळू म्हणून पाहिलं. "सिद्... धार्थ. बोलने में सांस लगती है." मग हसला. "पर अच्छा है. रख लेंगे."

दवाखाना

मामाजींच्या ओळखीचे एक मराठी डॉक्टर सरकारी दवाखान्यात छातीचे तज्ज्ञ आहेत. सोलापूरकडचे. 'माझं नाव छापू नकोस' म्हणाले, म्हणून छापत नाही. मी कजोडला आणि त्याची बायको संतोष हिला घेऊन गेले. संतोष हे तिकडे बाईचं नाव असतं. पदर कपाळाखाली ओढलेला, कडेवर बाळ. रस्ताभर ती एकच वाक्य बोलली, "लेट कोनी सकै." याला आडवं होता येत नाही. झोपला की गुदमरतो, म्हणून कित्येक दिवस हा माणूस बसून, पालथ्या टोपलीवर गोधडी टाकून, तिच्यावर डोकं टेकवून रात्र काढत होता.

डॉक्टरांनी फिल्म उजेडावर धरली. कजोड बाहेर बाकावर होता. ते माझ्याशी मराठीत बोलले, कदाचित स्वतःशीच.

"याला टीबीची औषधं तीनदा दिलीयेत. वेगवेगळ्या ठिकाणी. प्रत्येकाने पुढच्याला पाठवलं."

"टीबी नाही?"

"असेलही. पण हा मूळ दगड आहे. बघ. पांढरं पांढरं दिसतंय ते. छिन्नी-हातोड्याने काम करायचे तेव्हा धूळ जाड असायची, बरीचशी नाकातच अडायची. कटर आला आणि धूळ पिठासारखी झाली. ती थेट तळाला जाते. याचा आजा पन्नाशी पार गेला असेल, बाप चाळिशीत गेला असेल आणि हा..." त्यांनी फिल्म खाली ठेवली. "यंत्र सुधारलं ना."

"उपाय?"

"तू चळवळीतली आहेस, तुला माहीत आहे."

"मग आता काय करायचं?"

"घरी ऑक्सिजन. बरा नाही होणार. पण आडवा होईल. झोपेल. थोडे महिने माणसासारखे जातील. इथे ठेवलं तर खाट तीन दिवसांत काढून घेतील माझ्याकडून."

बाहेर येऊन मी कजोडला सांगितलं की ऑक्सिजनची नळी मिळाली तर तुला आडवं झोपता येईल. त्याला बाकीचं काही ऐकायचंच नव्हतं.

"पूरा? टांग सीधी करके?"

"हो."

"बस," तो संतोषला म्हणाला, "एक बार टांग सीधी हो जाए."

त्या दिवसापासून माझं जयपूरमध्ये एकच काम उरलं. कजोडला आडवं झोपवायचं.

बनी पार्क

शेडच्या मालकाने, म्हणजे धाकट्या शेठने, 'पार्टी बाहेरून आलीये' म्हणून मला घरी चहाला बोलावलं होतं. मी जाणार नव्हते. आता गेले.

बनी पार्कातलं ते घर जुनं, प्रशस्त. अंगणात कडुलिंब, व्हरांड्यात तखत, म्हणजे रुंद लाकडी बैठक. तखतावर धाकट्या शेठचे वडील बसले होते. सगळे त्यांना बाऊजी म्हणतात. ऐंशीच्या खूप पुढे गेलेले, चेहरा तुकतुकीत, नाकात पारदर्शक नळी. नळी एका उंच सिलिंडरला लावलेली. शेजारी आणखी एक सिलिंडर, भरलेला, त्याच्यावर धूळ बसू नये म्हणून फुलाफुलांच्या कापडाची खोळ शिवून घातलेली.

धूळ बसू नये म्हणून.

बाऊजी गोड माणूस. मला हे लिहायला आवडत नाही, पण खरं आहे. प्याज कचोरी आग्रहाने खाऊ घातली, तिखट लागली तेव्हा स्वतः हाक मारून ताक मागवलं. महाराष्ट्रातली आहे म्हटल्यावर पुण्याच्या हवेचं कौतुक केलं. मी कजोडचं नाव काढताच त्यांचा चेहरा उजळला.

"कजोड! घीसा का पोता. घीसा मुझसे दो साल छोटा था. क्या जाली काटता था! मेरे बाऊजी उसको शेर बोलते थे. फिर उसका बेटा रोडू. वो भी अपने यहीं. अब कजोड. तीनों के हाथ में सफाई है, बेटी. खानदानी."

"घीसा कधी गेला?"

"अरे, बहुत साल हुए."

"रोडू?"

"वो भी... महेंद्र, रोडू कब गया?"

धाकटे शेठ मोबाइलवर होते. खांदे उडवले.

मी तखताच्या कडेला बसले होते आणि हातातली कचोरी गार होत होती. हा माणूस घीसाच्या बरोबरीचा. घीसा जन्मला, दगड घासला, मेला. त्याचा मुलगा जन्मला, दगड घासला, मेला. त्याचा मुलगा आता टोपलीवर डोकं टेकवून बसला होता. आणि बाऊजी इथे, कडुलिंबाच्या सावलीत, तिघांचीही नावं प्रेमाने घेत होते. एका आयुष्यात तिकडची तीन आयुष्यं संपली. माणसाचं वय देव ठरवतो म्हणणाऱ्यांना मला त्या व्हरांड्यात आणून बसवायचंय. त्यांना विचारायचंय, तुमचा देव पत्ता बघून वय ठरवतो का?

हे मी तिथे बोलले नाही. जीभ आवळून धरली, कारण मला तो खोळीतला सिलिंडर हवा होता.

मी कजोडची अवस्था सांगितली. टोपलीचं सांगितलं. बाऊजी ऐकत राहिले. त्यांचे डोळे भरले. गुदमरणं म्हणजे काय ते त्यांना ठाऊक होतं. त्यांच्या नाकातली नळी काढली तर तेही घीसाच्या जातीचे झाले असते.

"महेंद्र," ते म्हणाले, "ये दूसरा वाला कजोड के यहां भिजवा दो."

"बाऊजी, आपका बैकअप है ये."

"दूसरा आ जाएगा. भिजवा दो."

"ठीक है, कल भिजवा देंगे."

मी म्हटलं, आत्ता मी रिक्षात घालून नेते. धाकटे शेठ पहिल्यांदाच हसले. "बहनजी, ये गैस की टंकी नहीं है. इसका मीटर, नली, लगाने वाला आदमी, सब साथ जाएगा. कल टेंपो से पहुंच जाएगा. पक्का."

पक्का. मी हात जोडले, आभार मानले. आभार! बाहेर पडून बस धरली आणि वस्तीत जाऊन कजोडला सांगितलं, सिलिंडर उद्या येतो. तो भिंतीला पाठ लावून बसला होता. त्याने दोन्ही पाय लांब करून दाखवले आणि हसला.

चुली नसलेला दिवस

त्या संध्याकाळी वस्तीतल्या प्रत्येक घरात कढई चढली होती. गुळाचे पुए, पापड्या, राबडी, दहीभाताचा ओलिया. दुसऱ्या दिवशी शीतलाष्टमी, तिकडचा बास्योडा. त्या दिवशी चूल पेटवायची नाही. आदल्या रात्रीचं गार जेवायचं आणि शीतला मातेलाही तेच गार दाखवायचं. आपल्याकडे श्रावणात शिळासप्तमी असते, तशीच. फक्त तिकडे ती होळीनंतर येते. आणि आपण ज्याला फाल्गुन म्हणत राहतो त्याला ते तेव्हा चैत्र म्हणतात, कारण त्यांचा महिना पौर्णिमेलाच बदलतो. देवी एकच, देवीच्या रोगाची. पोरं मारणारी आणि पोरं राखणारी.

आत्याच्या शेजारणीने भलंमोठं ताट पाठवलं होतं. मी विचारलं, "आत्या, आपण हे मानतो?"

"देवी नाही मानत," आत्या म्हणाली, "पुए मानतो."

प्रज्ञाचं तोंड भरलेलं होतं. तिने नुसती मान हलवली.

सकाळी आत्याने मला थर्मासभर गरम चहा दिला. "त्या पोराले दे. छातीले बरं वाटते. चुलीचं काय, आपल्या घरी तं पेटली हाय." मी तो पिशवीत घालून निघाले. बस अर्धी रिकामी होती. सगळे चाकसूच्या जत्रेला, शीतलेच्या डोंगरीवर गेले होते. दुकानं बंद. तेव्हा माझ्या डोक्यात पहिल्यांदा आलं, की टेंपोवाला? नळी लावणारा माणूस? तेही जत्रेला गेले असतील? बनी पार्कात 'कल' म्हणाले तेव्हा उद्या बास्योडा आहे हे त्यांना माहीत नव्हतं, असं कसं होईल? माहीत होतंच. फक्त त्यांना त्याने फरक पडत नव्हता. एक दिवस इकडे, एक दिवस तिकडे. त्यांच्याकडे उद्याला तोटा नाही.

वस्तीच्या तोंडाशीच रडण्याचा आवाज आला.

कजोड पहाटे गेला होता. टोपलीवर. वाकलेला, दोन्ही हात गोधडीखाली. मी पोचले तेव्हा बायकांनी त्याला जमिनीवर घेतला होता आणि दोन माणसं त्याचे गुडघे दाबत होती. ते सरळ होत नव्हते. इतके दिवस दुमडून बसलेला देह तसाच गोठला होता. शेवटी चादरीने बांधून सरळ केले. त्याला हवं होतं तसं. टांग सीधी.

मी उभी राहिले. पिशवीत चहा होता, आणि तो गरम होता, आणि संपूर्ण वस्तीत तेवढीच एक गरम गोष्ट होती. आमच्याकडे अशा घरी शेजारीपाजारी पिठलंभात आणून देतात. तिकडेही मेलेल्या घरी शेजारचे रोटी आणतात, तिला कडवी रोटी म्हणतात. पण त्या दिवशी कुणाच्या घरी चूलच नव्हती. ज्याच्या त्याच्या हातात गार पुए. शेवटी संतोषने आदल्या रात्री स्वतः तळलेलेच पुए तिच्या पुढ्यात आले. नवऱ्यासाठी तळलेले. तिने एक तुकडा मोडला आणि हातातच धरून ठेवला, बाळ रडेपर्यंत.

शेडवरून चौघे-पाचजण खांदा द्यायला आले. त्यांतला प्रत्येकजण चढावर थांबत होता. तिरडी दोनदा खाली ठेवावी लागली. मेलेल्याच्या वजनाने नव्हे. उचलणाऱ्यांच्या छातीत हवा नव्हती. माझ्या डोळ्यांसमोर एक माणूस स्मशानात चालला होता आणि त्याला नेणारे त्याच्या मागे रांगेत उभे होते.

टेंपो

टेंपो आला. खोटं सांगणार नाही, आला. बास्योड्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी, मीटर, नळी, लावणारा माणूस, सगळ्यासकट. फुलाफुलांची खोळसुद्धा काढलेली नव्हती. बाऊजींनी शब्द पाळला होता.

"कजोड का घर? कहां उतारूं?"

कुणीतरी हाताने स्मशानाची वाट दाखवली. कजोडची आई, तिला सगळे अम्मा म्हणतात, ओट्यावर बसली होती. तिने ड्रायव्हरला पाणी दिलं. तो प्यायला, तांब्या परत दिला, टोपी काढून थोडा वेळ उभा राहिला. मग धाकट्या शेठना फोन लावला. पलीकडून काय सांगितलं ते ऐकू आलं नाही. पण सिलिंडर उतरला नाही. टेंपो वळला आणि बनी पार्काकडे परत गेला. बॅकअप.

बाऊजी आहेत. परवाच धाकट्या शेठनी फोनवर सांगितलं, तब्येत छान आहे. त्यांनी शंभरी गाठावी. माझा त्यांच्या जगण्यावर काडीचा आक्षेप नाही. माझा आक्षेप एवढाच, की तेवढंच जगायचा हक्क घीसाला होता, रोडूला होता, कजोडला होता, आणि तो हक्क पत्र्याच्या शेडखाली दिवसा, सगळ्यांच्या देखत पीठ करून उडवला गेला. यात कुणी सुरी चालवली नाही. मुनीमजी वेळेचं बोलले, डॉक्टर खाटेचं बोलले, धाकटे शेठ उद्याचं बोलले. सगळे आपापल्या जागी बरोबर. मेला तो मात्र एकच, आणि नेहमी त्याच बाजूचा.

निघायच्या आधी मी शेडवर गेले. हत्ती मोजायचे होते ना. दुसरा खांब कजोडच्या चुलतभावाच्या हातात होता. कजोडने गेरूने आखलेली कमळं तो कटरने कोरत होता. कोरडी. कटर चालू करायच्या आधी त्याने गमछा नाकावर ओढला, जणू त्याने काही होतं. हत्ती सारखे आहेत, गुरुजी. दोन्हीकडे.

मग संतोषला भेटायला गेले. बाळ अम्माच्या मांडीवर झोपलं होतं. पाठीवर, पाय ताणून.

"नाम?" मी विचारलं.

संतोषने अम्माकडे पाहिलं. अम्मा म्हणाली, "वो कोई बडो नाम बोलतो थो. घणो बडो. नजर लाग ज्यावै."

"मग?"

"घीसा," अम्मा म्हणाली. "घर में सबसूं ज्यादा वो ही जियो."

काय बोलणार? की अम्मा, नावाने काही होत नाही? ते तिला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. तिच्या घराने तीन पिढ्या नावं ठेवून पाहिलीत. तिच्या हातात तेवढंच आहे म्हणून ती ते करते. ज्यांच्या हातात पाण्याचा नळ आहे ते मात्र काही करत नाहीत.

तोरणाचे खांब आले आहेत. विहारासमोर शेजारी शेजारी आडवे ठेवलेत, उभे करायचे बाकी आहेत. मी समितीत हे सगळं सांगितलं. गुरुजी म्हणाले, "बाई, दगड तं आला आता." खरं आहे. आला. उरलेला आडवा भाग अजून यायचा आहे, आणि मी मुनीमजींना कळवलंय की तो पाण्याखाली घासला तरच आम्ही घेऊ, वेळ दुप्पट लागला तरी. त्यांचं उत्तर नाही.

आता तुम्ही. तुमच्या गावात देऊळ होतंय, विहार होतोय, चौकात कमान होतेय, कुणाचा तरी पुतळा बसतोय. त्या समितीत तुम्ही आहात, नाहीतर तुमचा भाऊ, मेहुणा, शाळासोबती आहे. फोन करा. विचारा, आमचा दगड घासताना त्यावर पाणी पडतं का? कोण घासतं, त्याचं वय काय, त्याचा बाप किती वर्षं जगला? उत्तर मिळेपर्यंत काम थांबवा. नुसतं हळहळू नका, मला पत्र लिहून कळवू नका की वाचून वाईट वाटलं. आत्ता, हे पान मिटायच्या आधी फोन करा. उद्या करू म्हणू नका. घीसा आता काही महिन्यांचा झालाय, आणि शेड चालू आहे.